रोलरजवळची जागा

मध्यंतर संपलं, दोन्ही संघांनी मैदानाच्या बाजू बदलल्या, आणि अंकित मैदान आडवं ओलांडून पुन्हा पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहिला.

त्याच्या आईने, हर्षाने, मोबाइल खाली घेतला. पूर्वार्धात अंकित डावीकडून खेळला होता, म्हणजे तिच्यापासून लांब. बाजू बदलल्यावर डावी कड इकडे, अगदी तिच्यासमोर यायला हवी होती. फुटबॉलमधलं तिला एवढंच कळत होतं, तेही नवऱ्याच्या, कल्पेशच्या, बोलण्यातून. पण अंकितने सरांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं आणि तो उजवीकडे गेला.

ती उभी होती ती जागा कल्पेशची. मैदानाच्या कडेला गवतात रुतलेला एक दगडी रोलर होता. त्यावर एक पाय ठेवून, हातात मोबाइल धरून तो प्रत्येक सामना बघायचा. फेब्रुवारीत तो दुकानात बसल्या जागी गेला. त्यानंतरच्या आठ महिन्यांत बाकीच्या पालकांनी रोलरच्या आजूबाजूची दोन-तीन हात जागा मोकळीच ठेवली होती. आज हर्षा पहिल्यांदा मैदानावर आली, तेव्हा कुणी न सांगताच तिला ती ओळखू आली.

समोरच्या घोडेगावच्या संघाने सामना जिंकला. पोरं पाणी प्यायला गेली आणि रामनाथ सर तिच्याकडे आले.

"भाभी, तुमी इथं का उभ्या ऱ्हायल्या?"

"इथं हे उभे राहायचे. अंकितला बरं वाटेल म्हटलं."

सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, पुन्हा सोडली.

"पोरगं या कडंला येतच न्हाई."

"आठवण येत असेल त्याला."

"येत आसंल की." ते मैदानाकडे बघत राहिले. "पण भाभी, शेठ व्हते तवाबी त्यो येत नव्हता. मीच ढकलायचो त्याला इकडं. शेठ म्हणायचे, माझ्यासमोर खेळवा. लई बोलायचे त्याला. गोलच्या जाळ्या त्यांनी दिलेल्या, पोरांचे शर्ट त्यांनी दिलेले. मला त्यांना गप करता आलं न्हाई."

हर्षाला राग आला. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सरांनी तिच्याकडे वळून बघितलं नाही, आणि ती अंकितची पिशवी उचलून निघाली.

नारायणगावात त्यांचं घर दुकानाच्या वरच होतं. खाली टोमॅटोचे क्रेट, सुतळी आणि द्राक्षांच्या पेट्यांचा कागद. आता तिथे सासरे, केवलचंद, एकटे बसत. दुपारची जेवणं उरकली की हर्षा ओट्यावर डब्याला टेकून मोबाइल उभा करायची आणि कल्पेशने काढलेले सामन्यांचे व्हिडिओ लावायची. त्यांत कल्पेश कुठेच दिसत नव्हता. मोबाइल त्याच्याच हातात असायचा ना. पण आवाज होता. तेवढाच उरलेला. ती भांडी पुसत, तांदूळ निवडत, पडद्याकडे पाठ करून तो ऐकायची. शब्दांकडे तिचं कधी लक्ष गेलं नाही. खोकण्याआधी तो किंचित थांबायचा, तेवढं ऐकलं तरी तिला पुरे व्हायचं.

सामन्याहून परतल्यावर त्या दुपारी ती पडद्याकडे तोंड करून उभी राहिली.

"अंकित, पळ. पळ की. पायाला मेंदी लावलीय का?"

पडद्यावर लांब, निळ्या शर्टातला अंकित पळत होता.

"लाज वाटते का? ते बघ, ते पोरगं बघ, तुझ्याहून लहान आहे. मान खाली घालून काय उभा राहतोस?"

प्रत्येक वाक्याला मुलाचे खांदे वर जात होते. कुणी पाठीमागून गार पाणी ओतावं तसे. मग चेंडू त्याच्या पायातून निसटायचा, आणि आवाज आणखी जवळ यायचा. कल्पेश रोलर सोडून कडेने चालत पुढे येत असणार. शेवटी शेवटी तर अंकित चेंडूकडे बघतच नव्हता. तो थेट मोबाइलकडे, म्हणजे आत्ता हर्षाकडे बघत होता.

व्हिडिओ संपला. घर शांत झालं. आणि त्या शांततेत, आतल्या मोरीत, नळ बंद झाल्याचा आवाज आला.

दुपारी याच वेळी अंकित हातपाय धुवायला जायचा. बादली भरून वाहेपर्यंत नळ सोडून ठेवतो म्हणून ती त्याला कितीदा रागावली होती. ती मोरीकडे वळली, तोच पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला. "अंकित," कल्पेश म्हणाला.

नळ सुरू झाला. पूर्ण. पाणी बादलीवर जोरात आदळू लागलं.

हर्षाने मोबाइल उचलून बंद केला. ती तशीच उभी राहिली. थोड्या वेळाने नळ थांबला. दाराआडून काहीच हालचाल ऐकू आली नाही. तोही आत उभा असावा. ती बाहेर, तो आत, आणि दोघंही कान देऊन.

चारला केवलचंद चहाला वर आले. ओट्याजवळच्या खुर्चीवर बसले. रोज ते इथेच बसून एखादा व्हिडिओ ऐकायचे आणि मग खाली जायचे.

"आज लावलं नाहीस?"

"बाबूजी, आता नको लावायला." तिने हळू आवाजात नळाचं सांगितलं. सांगताना तिला वाटत होतं, म्हाताऱ्या माणसाच्या हातून मी त्याचा मुलगा दुसऱ्यांदा काढून घेते आहे.

केवलचंदांनी चहा बशीत ओतला. बराच वेळ तो बशीतच राहिला.

"कल्पेश अंकितएवढाच होता, दुकानात यायला लागला तेव्हा," ते म्हणाले. "गिऱ्हाईक समोर असलं की मी असाच बोलायचो त्याला. मेंदी लावलीय का म्हणून. हेच शब्द." मग म्हणाले, "आवाजसुद्धा हाच. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं असेल."

तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो घेतला नाही, फक्त पालथा घातला.

पुढच्या रविवारी जुन्नरच्या संघाशी सामना होता. हर्षा रिकाम्या हातांनी मैदानावर आली आणि सवयीने रोलरजवळच उभी राहिली. पालक ओरडत होते. ती ओठ मिटून उभी होती. रामनाथ सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

उत्तरार्धात एक लांब फटका मैदान ओलांडून इकडे आला. त्याच्यामागे धावत अंकितही आला, कदाचित न ठरवताच. रोलर दिसल्यावर त्याचा पाय अडखळला. चेंडू रेघेबाहेर जाऊन हर्षाच्या पायाशी थांबला.

तिने तो उचलून त्याच्यापुढे धरला. अंकितने हात पुढे केले नाहीत. छाती भात्यासारखी हलत होती. खांदे वर चढलेले. तो वाट बघत होता. आता काहीतरी येणार, असा.

"घे," हर्षा म्हणाली.

त्याने चेंडू घेतला, पण फेकला नाही.

"मम्मी, तू इथंच थांबणार?"

"तू सांगशील तिथं थांबते."

त्याने तिच्या बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघितलं. मग हनुवटीने मैदानापलीकडे दाखवलं.

"तिकडं थांब. समोर."

त्याने चेंडू फेकला आणि खेळ पुढे गेला. हर्षा गोलच्या जाळीमागून वळसा घालून चालत निघाली. पलीकडच्या कडेला पालक नव्हते, सावली नव्हती. तिथून मुलांचे चेहरे नीट ओळखू येत नव्हते, शर्टच काय ते कळायचे. ती पोचली आणि तिने वळून बघितलं.

अंकित इकडे परत आला नव्हता. तो तिकडेच राहिला होता, रोलरच्या कडेला. पालक आता ओरडायचे थांबून त्याच्याकडे बघत होते. चेंडू लांब होता, त्याच्याकडे कुणी पासही देत नव्हतं, तरी तो त्या मोकळ्या जागेसमोरून धावत जायचा, वळायचा, पुन्हा धावत यायचा. प्रत्येक खेपेला तिथे आला की त्याची मान रोलरकडे वळायची.

हर्षाने उन्हासाठी डोळ्यांवर हात धरला. त्याचे ओठ हलत होते. तो त्या मोकळ्या जागेला उत्तर दिल्यासारखं काहीतरी बोलत होता, भरभर, पुन्हा पुन्हा. एवढ्या लांबून तिला ते ऐकू येणं शक्य नव्हतं.