पांढऱ्या कॉलरचे झगे

एनेलेसीने ब्लेडचं टोक शिवणीत घातलं आणि कॉलर उसवायला सुरुवात केली. झगा लाल, कॉलर पांढरी, आणि ती डाव्या खांद्याकडे अशी घसरलेली की घालणारीला मान वाकडी करूनच गावं लागलं असतं. दुसऱ्या एका झग्याची तर बाहीच उलटी लागली होती.

चर्चच्या गायनमंडळाच्या प्रमुख नासिबेकोबाई समोर चटईवर बसून घाम पुसत होत्या. ईस्टर तोंडावर आलेला. झगे दरवर्षीसारखेच जायलोसीकडे दिले होते. किराणा दुकानाच्या व्हरांड्यात बसणारा हा म्हातारा शिंपी. निम्म्या गावाची लग्नं त्याच्या हातच्या कपड्यांत लागलेली. त्याने असं काम करावं म्हणजे तो दिवसाढवळ्या प्यायला लागला असणार, असं बाईंनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

"तू एवढं निस्तरून दे, एनेलेसी. पुढच्या वर्षीपासून मंडळाचं सगळं काम तुझं. दुकानदाराशीही बोललेय मी. तो व्हरांडा तुला द्यायला तयार आहे."

"आणि आजोबा?"

"त्यांचं झालं आता. किती दिवस सांभाळायचं?"

उसवलेला दोरा एनेलेसीने बोटाला गुंडाळला आणि फुंकर मारून उडवला.

तिचा नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत कामाला गेला तो गेलाच. पहिल्या वर्षी निरोप आले, मग तेही थांबले. चर्चच्या आवारात बायकांसाठी शिवणाचा वर्ग निघाला तेव्हा ती सगळ्यांत मागच्या बाकावर बसली. मशीनचं चाक तिच्या पायाखाली उलटं फिरे आणि दोरा तुटे. हिचे पाय डोंगर चढायला केलेत, असं म्हणून बाकीच्या हसत. तिने घरी एका गोट्यावर फळी टेकवली आणि रोज मक्याच्या पिठाची न्सिमा शिजता शिजता त्या फळीवर पाय चालवत राहिली. टाच, चवडा, टाच, चवडा. त्या ठेक्यावर तिच्या लहानग्या मुलीला झोप लागायची. वर्ग संपता संपता शिकवणाऱ्या त्योंगेबाई इतरांना तिची शिवण दाखवू लागल्या.

वर्ग चालवणाऱ्या संस्थेने तिला दिलेलं मशीन सायकलच्या कॅरियरला बांधून गावात आलं, तेव्हा जायलोसी व्हरांड्यातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "चला, बायका मशीनवर बसल्या. आता आपण मका कांडायला घेऊ." लोक हसले. एनेलेसीही हसली, पण ते बोलणं तिच्या मनातून गेलं नव्हतं.

नासिबेकोबाई गेल्यावर तिने झग्यांच्या कॉलरी आणि बाह्या सुट्या करून सगळं चटईवर पसरलं आणि पाहतच राहिली. काप कुठेही चुकला नव्हता. खांद्याचा उतार ज्या त्या बाईचा. कुबड आलेल्या नागामाच्या झग्याला तर पाठीत असा हलका फुगवटा सोडला होता की अंगावर कुबड उठून दिसू नये. प्यायलेल्या माणसाचा हात हे करू शकत नाही. लालावर पांढरं होतं तिथवर शिवण सरळ गेली होती; पांढऱ्यावर पांढरं आलं की भरकटली होती. काजांभोवती सुई पुन्हा पुन्हा टोचल्याच्या खुणा होत्या आणि आतल्या बाजूला रक्ताचे सुकलेले बारीक ठिपके.

तिने तो झगा मांडीवर घेतला आणि सुईत दोरा ओवला.

यंदा मका तुऱ्यातच वाळला होता. गायनमंडळाचं काम म्हणजे घरात वर्षभराचं पीठ. झगे परत आजोबांकडेच नेणार म्हटल्यावर वर्गातल्या मैत्रिणीने तिला बजावलंही, की आपण शिकलो ते पोट भरायला, म्हाताऱ्यांची अब्रू झाकायला नाही. एनेलेसीने ऐकून घेतलं. तिने जे पाहिलं होतं ते मैत्रिणीला सांगितलं नाही; कुणालाच सांगितलं नाही. झगे पुरे झाले तसे तिने ते अंगावर गुंडाळायच्या चितेंजेत बांधले, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि नासिबेकोबाईंना निरोप धाडला, की झगे व्हरांड्यातूनच घेऊन जा.

जायलोसी रिकाम्या मशीनशी बसला होता.

"आजोबा, तुमचे झगे आणलेत," ती म्हणाली. "कॉलर जरा ओढून घेतली आणि काजं केली. बाकी तुमचंच आहे."

त्याने झगा मांडीवर ओढला. कॉलरच्या कडेवरून अंगठा फिरवत नेला, टोकाशी थांबला, पुन्हा मागे आणला. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. एनेलेसी पायरीवर बसून राहिली.

नासिबेकोबाई दोघीतिघींना घेऊन आल्या. त्यांनी एकेक झगा उजेडात धरून पाहिला, एनेलेसीकडे गोंधळून बघितलं, आणि मग म्हाताऱ्याला म्हणाल्या, "बघा, मनावर घेतलंत तर अजून येतं की तुम्हाला."

जायलोसीने नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. एनेलेसी जमिनीकडे बघत होती.

"कापलं मी," तो म्हणाला. "शिवलंय हिनं. शिवण माझ्यापेक्षा चांगली आहे."

बायकांनी झगे घड्या घालून टोपलीत भरले आणि पुढच्या वर्षीचं मग बघू, असं काहीतरी पुटपुटत त्या निघाल्या.

त्या दिसेनाशा झाल्या. मग जायलोसीने विचारलं, "नागामाची पाठ उसवलीस का?"

"नाही. तिला हात लावला नाही."

"बरं केलंस."

तो उठला. भिंतीला हात लावत मशीनच्या पलीकडे गेला आणि ते व्हरांड्याच्या कडेवरून आत, दुकानाच्या दाराजवळ ओढू लागला. फरशीवर लोखंड करकरलं. एनेलेसी मदतीला धावली, तर त्याने हातानेच तिला थांबवलं.

"उद्या तुझं मशीन घेऊन ये. इथं कडेला ठेव. सकाळचा उजेड थेट इथं येतो."

"आणि तुम्ही आत अंधारात बसणार, आजोबा?"

गळ्यातली मापाची पट्टी सारखी करत तो नव्या जागी बसला.

"मला इथूनही तेवढंच दिसतं," तो म्हणाला.