वाक्य जुळेपर्यंत

फिटर टाकीच्या तोंडाशी उभा होता आणि त्याचा मेहुणा आत गाळ उपसत होता. पहाऱ्यावरच्या माणसाने आत उतरायचे नाही, आतल्याच्या कमरेला बांधलेली दोरी सोडायची नाही आणि काही बिघडलेच तर वॉकीटॉकीवरून बचाव पथकाला इंग्रजीत कळवायचे, असा कारखान्याचा नियम होता. कारण तिथे नाना मुलुखांची माणसे राबत होती.

इंग्रजी हा फिटरचा सासुरवास होता. संध्याकाळच्या वर्गात "सिन्स कुठे, फॉर कुठे?", "से आणि टेल यांत फरक काय?" असे विचारून तो बाईंना भंडावून सोडी. "आधी वाक्य मनात पुरे करा, मग तोंड उघडा," हा बाईंचा सल्ला त्याने गाठीला बांधला होता. मागे वॉकीटॉकीवर त्याचे वाक्य चुकले, तेव्हा सारे खाते हसले होते.

"भाऊजी, तुम्ही बोलणं आधी दळता, मग चाळता," उतरताना मेहुणा म्हणाला होता. "तोवर समोरचा जेवून येतो!"

"गप उतर. दोरी ओढली की उत्तर दे, थट्टा नको."

आता फिटरने दोरी ओढली. उत्तर आले नाही. पुन्हा ओढली. दोरी जड लागली, पण पलीकडे हात नव्हता. तेवढ्यात टाकीच्या तोंडाशी टांगलेला विषारी वायूचा मापक किंचाळू लागला.

त्याने वॉकीटॉकीचे बटण दाबले. 'इज' म्हणावे की 'हॅज'? 'फेंटेड' की 'अनकॉन्शस'? 'अ टँक' की 'द टँक'? वाक्य त्याच जागी अडखळे आणि तो पुन्हा पहिल्यापासून जुळवू लागे. बटण दाबलेले असल्याने दुसऱ्या कुणालाही बोलता येईना. साऱ्या कारखान्याला फक्त त्याची धाप ऐकू जात होती.

आत काहीतरी पत्र्यावरून घसरत गेले. बायकोने धाकट्या भावाला याच्याच भरवशावर कामाला धाडले होते.

"मॅन! टँक! नो टॉक! कम, कम!" तो ओरडला, आणि पुढचे सारे मायबोलीतच रडला.

धावते बूट लगेच आले. धाप ऐकून पथक आधीच निघाले होते. 'टँक' ऐकेपर्यंत कुठे जायचे, तेवढेच त्यांना कळत नव्हते.

मेहुण्याला वर काढून तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"भाऊजी... चाळणी कुठं सांडली?"

फिटरला हसू फुटले नाही. बटण त्याने अजून दाबूनच धरले होते. पथकप्रमुखाला त्याचा अंगठा आपल्या हाताने उचलावा लागला.