जावयाचा सर्व्हर

शेलूबाजारच्या हळद उत्पादक कंपनीचा मेल सर्व्हर ऑफिसातच होता. तो वैजयंती सांभाळायची. दिवाळीत ऑफिस आठवडाभर बंद राहिलं, सर्व्हरही बंद पडला आणि कोचीच्या एका निर्यातदाराचं पत्र परत गेलं. पुन्हा असं झालं तर हळद दुसरीकडून घेऊ, असं त्याने फोनवर शांतपणे सांगितलं.

त्यावर अध्यक्ष उकंडरावांनी तोडगा काढला. त्यांचा जावई हरीओम रिसोडला इंटरनेटचा व्यवसाय करतो. कंपनीच्या डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्याच्या, नोंदीत पर्यायी सर्व्हर म्हणून त्याचं नाव लागलं. व्यवस्था अशी, की पत्र आधी शेलूबाजारला येतं. तिथे दार बंद असेल तर ते रिसोडला जातं, आणि शेलूबाजार सुरू होईपर्यंत रिसोडवाला ते जपून ठेवतो.

मग विजेच्या कामासाठी बुधवार-गुरुवार पुरवठा बंद राहणार असल्याची सूचना आली. हळदीचा नमुना पास की नापास, हे कोचीहून बुधवारीच कळणार होतं.

"काका, एकदा रिसोडचं तपासून घेऊ," वैजयंती सोमवारी म्हणाली.

"काय तपासता?"

"आपला सर्व्हर बंद केला त मेल तिकडं जाते का, ते."

"जावयाची परीक्षा घेता? लग्नात म्यां दिलेली अंगठी त्यानं घासून पाह्यली होती का?"

"अंगठी अन् सर्व्हर एक नाई, काका."

"नाईच. अंगठी महाग होती. राहू द्या ते. उद्या रिसोडात बोभाटा होईन, उकंडराव जावयावर भरोसा ठेवत नाई म्हणून."

उकंडराव जेवायला घरी गेल्यावर तिने सर्व्हर बंद केला आणि मोबाईलवरून स्वतःच्या खात्यातून कंपनीला मेल टाकला. जेवणाचा डबा उघडेपर्यंत तो मेल परत आला. रिसोडच्या सर्व्हरने कळवलं होतं, हा पत्ता आमच्याकडचा नाही.

पर्यायी सर्व्हर नसताच तर पाठवणाऱ्याची यंत्रणा चार दिवस थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करत राहिली असती. पण कुणी स्पष्ट नाही म्हटलं की ती तिथेच थांबते. म्हणजे रिसोडचं नाव नसण्यापेक्षा असणंच वाईट होतं.

तिने हरीओमला फोन लावला.

"हरीओमभाऊ, आपलं डोमेन तुमच्या सर्व्हरवर टाकलं नाई का?"

"कोणतं डोमेन, कोणाकोणाचे पत्ते, मले कोणी सांगतलंच नाई. मामाजी म्हणे, सांगतो."

"मंग विचारलं काहून नाई?"

"सासऱ्याच्या मागं तगादा लावू? बोलावल्याबिगर जेवाले गेल्यासारखं होते ते."

"आता टाकता का?"

"आई दवाखान्यात हाये, आमी दोघं नवराबायको नांदेडले हावो. दुकानातल्या मशीनले इथून हात लावता येत नाई. गुरुवारी येतो."

"मंग तोवर मी तुमचं नाव काढून टाकते."

"काढा. पण मामाजीले?"

"ते मी पाह्यते."

नोंदीतला बदल सगळीकडे पोचायला एक दिवस लागतो. तिने त्याच दुपारी नाव काढलं. उकंडरावांना सांगायचं मात्र राहिलं, किंवा तिने राहू दिलं.

बुधवार-गुरुवार वीज नव्हती. शुक्रवारी सकाळी सर्व्हर सुरू झाला आणि तासाभरात कोचीचं पत्र आलं. नमुना पास होता. वैजयंती उत्तर लिहायला बसली. उकंडरावांनी रिसोडला फोन लावला, स्पीकर सुरू ठेवून.

"जावईबुवा, तुमच्यामुळं पत्र वाचलं."



"मामाजी, ते माह्याकडं आलंच नाई. माह्यं नाव असतं त परत गेलं असतं. वैजयंतीबाईनं काढलं म्हणून वाचलं."

उकंडरावांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. विहिणीच्या तब्येतीची चौकशी केली. फोन ठेवल्यावर ते वैजयंतीकडे वळले.

"जावयाचं नाव काढलं तुमी?"

"हो काका."

"परत लावा."

"लावते. पण आधी पत्ते त्याले द्यावे लागतीन. अन् तपासावं लागीन."

उकंडरावांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"पत्ते मी सांगतो त्याले," ते म्हणाले. "तपासा तुमी. फक्त मी इथं असताना नको."

आणि रिसोडला पुन्हा फोन लावत ते बाहेर जाऊन उभे राहिले.