चूल विझण्याआधी

या माउली, पुढं सरका. कीर्तनाच्या बुवांना यायला अवकाश आहे. तोवर एका हवालदाराची गोष्ट ऐका. चौऱ्याहत्तर सालची, आपल्या नागपूरचीच.

सायकल भिंतीला टेकवून गणपतराव हवालदारांनी पाणी मागितलं. सुभद्रानं तांब्या दिला.

"घरधनी ड्युटीवर गेले जी."

"माहीत आहे. बसतो जरा. लेकरं जेवली का वं बाई?"

"नाही जी, भाकर टाकून राहिली."

ते ओट्यावर बसले. सकाळी कोराडीच्या रस्त्यावर सुभद्राचे धनी चंपतराव ट्रकखाली आले होते. ठाण्यातून मयताच्या घरी खबर पोचवायचं काम गणपतरावांच्याच वाट्याला येई. महिन्यातली ही पाचवी. खबर कळली की घरात चूल पेटत नाही, म्हणून ते आधी लेकरं जेवू देत. उशीर झाला म्हणून फौजदारांच्या शिव्या खात. आणि स्वतःच्या घरी मात्र दोन-दोन दिवस त्यांना घास उतरत नसे.

धाकटी पोर समोर येऊन उभी राहिली.

"तुमच्या मिशा खऱ्या आहे का जी?"

"वढून पाह्य."

तिनं ओढल्या. गणपतराव हसले.

आत सुभद्रानं डब्यातलं सगळं पीठ परातीत ओतलं. भाकरीमागून भाकर होत राहिली. "अजून घे वं पोरी," ती म्हणत होती, "आज पोटभर खा." दोघी पोरी जेवल्या, हात धुऊन खेळायला पळाल्या. मग ती दाराशी आली.

"आता सांगा जी."

गणपतराव ओट्यावरून उठून उभे राहिले.

"वर्दीतला मानूस लेकरायच्या जेवनाचं पुसते, तवाच समजली मी. दवाखान्यात आहे का... गेले?"

"गेले, बाई."

ती चौकट धरून खाली बसली. मग उठली, चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं. धूर ओसरल्यावर उरलेली भाकर आणि चटणी ताटलीत घेऊन तिनं गणपतरावांपुढं ठेवली.

"बाई, मले कसं..."

"खा, भाऊ. तुमाले अशी खबर घिऊन अजून किती घरी जा लागते."

पदर तोंडाशी धरून ती समोर बसून राहिली, त्यांनी शेवटचा तुकडा गिळेपर्यंत. मग शेजारणीला हाक मारायला उठली, आणि तेव्हा कुठं तिचा हंबरडा फुटला.

माउली, कीर्तनात आपण संतांची नावं घेतो. आज त्यांच्या पंगतीत एक नाव मनातल्या मनात घ्या. सुभद्राबाईचं.