टोचणकरांचा अंगठा

"आई गं!" पिल्लू हातातून निसटलं, सुई थेट अंगठ्यात घुसली आणि टोचणकर जागचे उठले.

अंडी उबवणाऱ्या हॅचरीत कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांना लस टोचण्यात त्यांची उभी हयात गेली होती. म्हणून सगळे त्यांना टोचणकर म्हणत. खरं आडनाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. सुई लागणंही त्यांना नवं नव्हतं. अंगठा पिळायचा, नळाखाली धरायचा, पुन्हा कामाला लागायचं. पण आज लसीचा निळा रंग कातडीखाली पसरलेला पाहून त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "मॅडम, हे आपल्याला काही करत नाही ना?"

हॅचरीची पशुवैद्य त्यांच्यापुढे अगदीच पोर, आणि विषय निघाला की थांबायची नाही. "गंमत सांगू का काका? कोंबड्यांचे पाय लुळे पाडणारा, अंगात गाठी करणारा, ज्याच्यावर ही लस आहे तो विषाणू, आणि आपल्याला कांजिण्या, नागीण देणारा विषाणू, दोघं एकाच घराण्यातले. हर्पिसचं घराणं! जनुकं शेजारीशेजारी मांडली ना, तर पट्टेच्या पट्टे जुळतात. माणसातला एक भाऊबंद तर कधीकधी गाठींच्या कॅन्सरमध्येही सापडतो."

पुढेही ती बरंच बोलली. टोचणकरांच्या कानात 'गाठी' एवढाच शब्द राहिला.

बायकोच्या मानेला गाठी आल्या होत्या. औषधांनी त्या विरघळल्या, पण केस गेले, अंगात त्राण उरलं नाही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला कसलाही संसर्ग होता कामा नये. आणि लसीत त्या विषाणूचाच एक गरीब स्वभावाचा भाऊ जिवंत असतो, हे टोचणकरांना पहिल्यापासून ठाऊक होतं. इतकी वर्षं आपण हेच कपड्यांवरून घरी नेलं की काय? मॅडमला पुन्हा विचारावं, तर ती 'हो' म्हणाली तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

त्या दिवसापासून त्यांना हात धुण्याचं वेडच लागलं. घरात शिरले की नळ. चहा टाकायच्या आधी नळ, कप ठेवल्यावर नळ. हाताची सालं निघाली. अंथरूण त्यांनी बाहेरच्या खोलीत हलवलं. ताट स्टुलावर ठेवून ते दारातूनच विचारत, "जेवशील ना?" आधी न्हाणीघरापर्यंत तिला दंडाला धरून नेत, आता त्यांनी भिंतीला दांडा ठोकून दिला. ती दांड्याकडे बघायची, यांच्याकडे बघायची, आणि डोक्याचा रुमाल आणखी घट्ट बांधायची. एकदाही काही बोलली नाही.

बोलली ती थेट एका सकाळी. "आज संध्याकाळी दादा येतोय. मी त्याच्याकडे जाते. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला?" ते दारातूनच म्हणाले.

"हेही दारातूनच," ती म्हणाली आणि कूस बदलली.

हॅचरीत त्यांचा हात चालेना. शेवटी सुई खाली ठेवून ते मॅडमच्या टेबलापाशी गेले आणि सगळं एका दमात ओकून मोकळे झाले. मॅडम हसली नाही.

"काका, मी तेव्हाच सांगितलं होतं हो! पूर्वज एक होता, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी. आता चूलही वेगळी, दारही वेगळं. कोंबडीचा कोंबडीत, माणसाचा माणसात. इतकी वर्षं जगभर लोकांच्या हाताला ही सुई लागतेय. शोधणाऱ्यांनी शोधलंसुद्धा, पण या लसीमुळे माणूस आजारी पडल्याचं काही सापडलेलं नाही. काकूंचं दुखणं तुम्ही आणलेलं नाही."

टोचणकर पिल्लांच्या रिकाम्या ट्रेवर बसले. सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. वाटली ती लाजच.

घरी आले तेव्हा बॅग दाराशी होती आणि ती खुर्चीत. उभ्याउभ्याच त्यांनी सांगून टाकलं: अंगठा, घराणं, गाठी, नळ, सगळं.

ती म्हणाली, "म्हणजे किळस नव्हती येत?"

"कसली?"

"माझी."

तिचा बांध फुटला. "कोंबड्यांचं दुखणं मनाला लावून घेतलंत, आणि मी इथे आरशावर टॉवेल टाकून बसले होते! एका शब्दानं विचारता आलं नाही? त्या मॅडमला नाही, मला नाही?"

"भीती वाटली गं."

"मग मला काय वाटत होतं?" तिने डोळे पुसले. "दादा आला की जाणार मी. आठवडाभर राहीन. बसा एकटे."

"बरं," ते म्हणाले. शिक्षा अगदीच हलकी होती.

तिने रुमालाची गाठ सोडली. ते सवयीने नळाकडे वळले. साबण लावला, हात धुतले, पुन्हा लावला, पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा साबणाकडे हात गेला तेव्हा भिंत धरत धरत ती शेजारी येऊन उभी होती. तिने नळ बंद केला. त्यांचे सोललेले ओले हात ओढून आपल्या उघड्या डोक्यावर ठेवले.

पाणी तिच्या मानेवरून खाली ओघळत होतं. तिने ते पुसलं नाही.