उंच गाडीचा सांगाडा

सुताराने उभ्या आयुष्यात कुणाला नुसत्या शब्दावर कपाट करून दिलं नव्हतं. गिऱ्हाईक माप घेऊन आलं की तो आधी टाकाऊ पट्ट्यांचा सांगाडा ठोकायचा, त्या माणसाच्या खोलीत नेऊन उभा करायचा आणि म्हणायचा, "आठ दिवस याच्यासोबत राहा. कुठे डोकं आपटलं, गुडघा लागला, तर मला सांगा. मग लाकूड कापू." लोक हसायचे, काही वैतागायचे. पण त्याच्या कपाटाचं दार पलंगाला अडलं, असं कधी झालं नाही. त्यामुळे गाडी घ्यायची वेळ आली आणि त्याने घरामागच्या शेडमध्ये गाडीचाच सांगाडा ठोकायला घेतला, तेव्हा बायकोला काही नवल वाटलं नाही.

गाडी हवी होती ती तिच्यासाठीच. तिच्या पायांतली ताकद वर्षभरापासून कमी होत चालली होती. आजाराचं नाव लांबलचक होतं. ते डॉक्टर घ्यायचे आणि ती घ्यायची, बाकी सगळे नुसतं "पायांचं" म्हणायचे. डॉक्टरांनी औषध सुरू केलं होतं आणि स्वच्छ सांगितलं होतं, की आजार सावकाश चालला तर हेच औषध वर्षानुवर्षं पुरेल. झपाट्याने चालला तर दुसरं, जोराचं औषध द्यावं लागेल, आणि ते वेळेत दिलं तरच उपयोग. एकदा गेलेली ताकद काही परत येणार नव्हती.

तिने इस्पितळात तीस वर्षं नर्सचं काम केलं होतं, त्यामुळे तिला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

शोरूममध्ये दोन गाड्यांवर गोष्ट येऊन थांबली. एक होती फॅमिली वॅगन. लांब, बुटकी, डिकीत चाकांची खुर्ची न दुमडता मावेल एवढी जागा. सीट खुर्चीच्या उंचीची, म्हणजे कुणीतरी धरून हळूच सरकवलं की माणूस आत. दुसरी छोटी एसयूव्ही. सीट कमरेच्या उंचीला, वाकायला नको, उठताना धडपडायला नको. फक्त दाराच्या उंबऱ्यावरून पाय तेवढा उचलून आत टाकता आला पाहिजे. तिच्या डिकीत मात्र खुर्ची काही केल्या मावत नव्हती.

"वॅगन म्हणजे सामान वाहायची गाडी," तिचा भाऊ म्हणाला. त्याला सगळे सल्लागार म्हणत, कारण फुकट मिळेल अशी तेवढी एकच गोष्ट त्याच्याकडे होती. "ताई, तू एसयूव्ही घे. उंचावरून रस्ता दिसतो. भावोजी, तुम्ही हिशोबी माणूस, तुम्हाला नाही कळायचं."

"तू स्वतः सायकलवर फिरतोस," सुतार म्हणाला.

"म्हणून तर लांबून सगळ्या गाड्या नीट दिसतात."

ती हसली नाही. तिने एसयूव्हीचं दार उघडलं, वरची मूठ धरली, डावा पाय उचलला, आत टाकला आणि सीटवर जाऊन बसली. थोडी धाप लागली, पण बसली. मग काचेतून समोर बघत बराच वेळ तशीच बसून राहिली. वॅगनमध्ये तिने डोकावूनही पाहिलं नाही.

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मी आयुष्यभर माणसं उचलली हो. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर. उचललेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. सगळे हसतात, आभार मानतात आणि नजर छताकडे लावतात. मला एवढ्यात छत बघायचं नाही."

मग तिनेच अट घातली. एसयूव्ही यायला तीन महिने लागणार होते आणि ताब्यात घ्यायच्या दिवसापर्यंत बदलून वॅगन घेता येईल, असं विक्री करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. तोवर तिने रोज सराव करायचा. तीन महिन्यांनी ती आपली आपण चढली तर उंच गाडी. नाही चढली तर लांब गाडी, आणि मग ती त्यावर एक अक्षर बोलणार नव्हती. "माझं मलाच कळेल," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी सांगायला नको."

सुताराने दोन्ही सांगाडे मापात ठोकले. उंच गाडीचा उंबरा जमिनीपासून सतरा इंच, सीट सत्तावीस, वर धरायला मूठ. लांब गाडीच्या सांगाड्याकडे ती फिरकली नाही. आठवड्याभरात त्यावर रंगाचे डबे येऊन बसले. तिने भिंतीवर वॉर्डात लावतात तसा तक्ता लावला. रोज नाश्त्यानंतर एकदा चढायचं, उतरायचं. जमलं की त्या दिवसाच्या चौकटीत बरोबरची खूण.

दोन आठवडे खुणा होत गेल्या. तिसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी तिच्या बुटाचं टोक उंबऱ्याला अडलं. तिने पुन्हा पाय उचलला. पुन्हा अडलं. ती मूठ धरून तशीच उभी राहिली, मग काठी घेऊन घरात गेली. चौकट कोरी राहिली. दिवसभर ती नवऱ्याशी नीट बोलली, भावाशी फोनवर बोलली, पण तिचा चेहरा त्या दिवशी म्हातारा दिसत होता आणि सुताराला तो बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली. नळाचा आवाज सुरू झाला तसा तो शेडमध्ये गेला, सांगाडा आडवा केला आणि चारी पाय दोन-दोन सुतांनी कापले. दोन सूत म्हणजे पाव इंच. नखाएवढं काहीतरी. काप ताजा दिसू नये म्हणून टोकांना त्याने जुनं तेल फासलं, भुसा झाडून खिशात भरला आणि सांगाडा होता तिथे उभा केला.

नाश्ता झाल्यावर ती चढली. एका झटक्यात. आणि सीटवर बसून लहान मुलीसारखी हसली. "काल झोप नव्हती झाली, दुसरं काय," ती म्हणाली आणि खूण करताना पेन जरा जोरातच टेकवलं.

त्याने ठरवलं होतं, हे एकदाच. पण एकदा घसरला की माणूस मध्ये कुठे थांबत नाही. त्यानंतर दर आठवड्याला, तिचा पाय उंबऱ्याला घासू लागला की तो नळाचा आवाज सुरू व्हायची वाट बघे. कधी दोन सूत, कधी तीन. खरं तर लाकडाबाबत त्याने कधी कुणाला फसवलं नव्हतं. सागवान म्हणून दुसरं काही खपवलं नाही, गाठ दिसली तर आधी दाखवली. आणि आता साठी गाठल्यावर तो आपल्याच बायकोला चोरून इंचाने इंच फसवत होता. त्याला लाज वाटत होती. पण ती खूण करून वळली, की तिच्या तोंडावरचं समाधान बघून लाज दुसऱ्या दिवसावर जाई.

ती मात्र सुधारत नव्हती. एका काठीच्या दोन झाल्या. पायरी उतरताना ती भिंत धरू लागली. एकदा ती स्वतःच म्हणाली, "पाय जड लागतात हो अलीकडे. पण तक्ता तर ठीक सांगतोय." वॉर्डात ती नव्या पोरींना हेच शिकवायची, की रोग्याला कसं वाटतं ते विचारा, पण विश्वास ठेवायचा तो तक्त्यावर. सुतार हातातला रंधा पुसत बसला. रंधा स्वच्छच होता.

दहाव्या आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. तिने तक्ता भिंतीवरून काढून, घडी घालून सोबत घेतला. डॉक्टरांनी तिचा पाय हाताने दाबून बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मला ताकद कमी लागतेय," ते म्हणाले. "जोराचं औषध सुरू करावं का, असा विचार करतोय."

"हे बघा ना आधी," ती म्हणाली आणि तक्ता उलगडला. "सतरा इंचांचा उंबरा, रोज एकदा. सत्तर दिवसांत एकच चौकट कोरी."

डॉक्टरांनी तक्ता नीट पाहिला. दोघांची भाषा एकच होती. "माप पक्कं आहे?"

"यांनी घेतलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात चक्क अभिमान होता. "यांचं माप कधी चुकत नाही."

डॉक्टरांनी सुताराकडे पाहिलं. बोलायची वेळ हीच होती, आणि त्याला ते कळतही होतं. त्याने मान हलवली. मान होकाराची हलली.

"मग थांबू महिनाभर," डॉक्टर म्हणाले. "त्या औषधाचे त्रासही काही कमी नाहीत."

घरी येताना ती गुणगुणत होती. त्याने मनाशी घोकलं, उद्या सांगायचं. उद्या सल्लागार आला. परवा तिला ताप होता. तेरवा ती इतकी खुशीत होती, की तो मूग गिळून बसला. असं करत करत गाडी आल्याचा फोन आला.

त्या दिवशी सल्लागाराला सुटी मिळाली नाही, म्हणून दोघंच भाड्याच्या गाडीने शोरूमला गेली. तिने ठेवणीतला निळा कोट घातला होता. एसयूव्ही दारातच उभी होती, धुतलेली, पुसलेली. विक्री करणाऱ्या बाई किल्ली घेऊन पुढे आल्या. सुतार मधे आला. "आज राहू दे," तो म्हणाला. "आधी कागद बघू."

"कागद काय पळून जातायत?" ती म्हणाली. तिने काठ्या त्याच्या हातात दिल्या, दार उघडलं आणि मूठ धरली.

पाय उंबऱ्याच्या खालीच अडला. नुसता घासला नाही, चांगला तीन-चार बोटं खाली. तिने पुन्हा उचलला. मग कोट सावरून तिसऱ्यांदा. बाई मदतीला पुढे सरकल्या, तेव्हा तिने हातानेच त्यांना थांबवलं. ती उंबऱ्याकडे बघत राहिली. मग जमिनीकडे. मग तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं ती या माणसासोबत राहिली होती आणि करवत हातात आली की तो काय काय करू शकतो, हे तिला ठाऊक होतं.

"किती?" तिने विचारलं.

आता तरी खोटं बोलावं असं त्याला वाटलं, पण मापाबद्दल त्याला ते जमलं नाही. "सव्वीस सूत," तो म्हणाला. "सव्वातीन इंच."

"कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून. ती चौकट कोरी राहिली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुझा चेहरा बघवला नाही गं मला."

"म्हणजे डॉक्टरांकडे गेलो तेव्हा."

त्याने मान होकाराची हलवली.

"मला वाटलं मी टिकून आहे," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यांच्या हाताला कळलं होतं. माझ्या पायांनाही कळत होतं. मी दोघांना खोटं पाडलं. तुमच्या मापावर."

शोरूममध्ये कुठेतरी फोन वाजत होता. तिने मूठ सोडली, काठ्या परत मागून घेतल्या आणि विक्रीच्या बाईंना म्हणाली, "ती लांब गाडी द्या आम्हाला. आजच नेता येईल ना?"

वॅगन तयारच उभी होती. कागद बदलायला तासभर गेला. तेवढा वेळ दोघं एका बाकावर बसली होती आणि मधे तिची पर्स होती. सुताराने एकदा "अगं" म्हटलं. तिने ऐकू आल्याचं दाखवलं नाही.

गाडी दाराशी आली तशी तिला आत बसवायला तो पुढे झाला. त्याने दोन्ही हात पसरले.

"तुम्ही नका," ती म्हणाली. मग तिने बाईंना जवळ बोलावलं. "तू ये. काखेत हात घालू नकोस, खांदा दुखावतो. कमरेला धर. अशी. तुझा गुडघा माझ्या गुडघ्याला लाव, म्हणजे तो दुमडणार नाही. मी तीन म्हटलं की हळू खाली. आधी मी बसेन, पाय मागाहून उचलून आत ठेवायचे. घाबरू नकोस, जमतं."

नव्या पोरींना वॉर्डात सांगावं तसं तिने सगळं सांगितलं, आणि मग तीन म्हणाली. बाईंनी तिला नीट बसवलं, एकेक पाय उचलून आत ठेवला, कोटाचं टोक दारात सापडू नये म्हणून आत सारलं.

"छान केलंस," ती म्हणाली. सगळा वेळ तिची नजर गाडीच्या छताकडे होती.

चालवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून सुतार पलीकडच्या दाराने आत येऊन बसला. त्याने किल्ली फिरवली आणि घराच्या दिशेने वळायला दिवा लावला.

"घरी नाही," ती म्हणाली. "इस्पितळात घ्या. आणि तिथे मी गप्प बसणार. तुम्ही बोलायचं. कुठल्या आठवड्यात किती सूत, सगळं सांगायचं."

त्याने दिवा बंद केला आणि गाडी दुसऱ्या बाजूला वळवली.