लेव्हलची नळी

दिपालीने नळीचं टोक तोंडात धरलं आणि जोरात ओढलं. माशांच्या टाकीतलं पाणी सरसर खाली आलं, पण तोंड बाजूला घ्यायला तिला उशीर झालाच. जिभेवर मचूळ, कुजकट चव पसरली. ती थुंकली, नळीचं टोक बादलीत सोडलं आणि पदराने ओठ पुसत पुन्हा टाकीपाशी उभी राहिली.

नळी मुळात फरशीच्या कामाची. तिचा नवरा अंगद डोंगरकडा गावापासून पार नांदेडपर्यंत फरशा बसवायचा, आणि लेव्हल बघायला पाणी भरून धरायची ती ही पारदर्शक नळी. तिच्या दुसऱ्या टोकाला त्याने बाटलीचं कापलेलं तोंड बसवलं होतं. ते टाकीच्या तळच्या खड्यांत रोवलं की खडे आतल्या आत उसळून खाली बसत आणि मधली घाण तेवढी पाण्याबरोबर निघून जाई. दर दुसऱ्या रविवारी तो हे काम स्वतःच करी. बायकोला हात लावू देत नसे, कारण टाकीत त्याने उरलेल्या फरशीच्या तुकड्यांचं घर रचलं होतं. घर, चार पायऱ्या आणि पुढे कमान. गोंदाचा थेंब नाही, नुसतं एकावर एक. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो ते दाखवायचा, बघणारा कंटाळेपर्यंत.

आज नववा दिवस होता. मोटारसायकल घसरून डोकं दगडावर आपटलं, तेव्हापासून अंगद नांदेडच्या दवाखान्यात बेशुद्ध पडून होता. श्वास मशीनवर चालला होता.

"काहून धुवून राहिलीस?" बाजेवर बसलेल्या सासूने, सिंधूबाईंनी विचारलं. "राहू दे की तसंच."

"लई घाण झाली, आत्याबाई. मासे मरतील."

"मरू दे."

दिपालीने नळी पुढे सरकवली. हे सगळं शेजारच्या निर्मलाबाईंनी लावून दिलेलं. तिसऱ्या दिवशी धीर द्यायला म्हणून आल्या आणि सांगून गेल्या, की घरावरचं संकट मासे अंगावर घेतात. मासा गेला की माणूस सुटतो. तेव्हापासून सिंधूबाई सकाळी उठल्या की आधी टाकीत डोकावत. आठही मासे ठणठणीत असत. मग त्या कपाळाला हात लावून बसत. माशांच्या खाण्याचा डबा त्यांनी पिठाच्या डब्यामागे लपवला होता. दिपालीला तो दुसऱ्याच दिवशी सापडला आणि ती गुपचूप खायला घालत राहिली.

सासूच्या या खुळाचा तिला राग येई. तिचं स्वतःचं मात्र वेगळं होतं. अंगदच्या चपला दारात जशा निघाल्या होत्या तशाच तिने ठेवल्या होत्या. त्याचा कंगवा, खुंटीवरचा शर्ट, काही हलवायचं नाही. तो येईल तेव्हा सगळं जागच्या जागी पाहिजे. आणि हे खूळ आहे असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

म्हणूनच ती डोळ्यांत तेल घालून काम करत होती. बाटलीचं तोंड काचेच्या कडेने रोवत, एकेक बोट पुढे सरकत ती कमानीपर्यंत आली. कमानीखालचे खडे उसळले तेव्हा तिने श्वास रोखला. कमान हलली नाही.

बाजेवरचा फोन वाजला. नळीचं खालचं टोक तिने काचेच्या काठावर अडकवलं. पाणी थांबलं.

"वैनी, जेवलात का?" दवाखान्यात थांबलेला धाकटा दीर, परमेश्वर, विचारत होता. हा आधी जेवणाचं विचारतो म्हणजे काय, ते तिच्या लक्षात आलं.

"डॉक्टर काय म्हणले?"

"किडनीबी काम करीना म्हणून राहिले. उद्या सगळे येऊन भेटून घ्या म्हणले."

"भेटून घ्या म्हंजे?"

 नाक ओढल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"काय म्हणतो?" सिंधूबाईंनी विचारलं.

"तसंच हाय म्हणले."

सिंधूबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि शेळ्यांना पाणी पाजायला मागच्या दाराने गेल्या.

दिपाली टाकीसमोर उभी राहिली. सगळ्यात मोठा, केशरी मासा काचेला येऊन चिकटला. अंगद त्याला मुकादम म्हणायचा. मुकादम खायला मागत होता.

"घे ना अंगावर," ती त्याला म्हणाली. "एकट्यानं घे. बाकीच्यांचं काय न्हाई मागत मी."

मुकादम तोंड उघडत, मिटत राहिला.  बाटलीचं तोंड तिने एका कोपऱ्यात खोल रोवलं आणि दुसरं टोक पुन्हा बादलीत टाकलं. मग ती खाली भिंतीला टेकून बसली.

बादली भरली. ती उठली नाही. पाणी फरशीवर पसरलं, तिच्या पायाखालून उंबऱ्याकडे गेलं. टाकीत घराचं छप्पर उघडं पडलं, मग कमान, मग पायऱ्या. एकही तुकडा हलला नव्हता. पाणी चार बोटं उरलं, मग दोन, आणि मासे आडवे होऊन खड्यांवर आपटू लागले. दिपालीने डोळे मिटून घेतले.

सिंधूबाई आत आल्या त्या थेट पाण्यातच. त्यांनी सुनेकडे बघितलं, टाकीकडे बघितलं. सात दिवस देवाकडे जे मागत होत्या ते समोर घडत होतं. त्या वाकल्या आणि मुकादमचं उघडं तोंड बघून तशाच राहिल्या.

"आगं, असंच तोंड हाय गं अंगदचं," त्या म्हणाल्या. "परवा बघून आले न्हाई का. नळी घातलेलं. असंच."

त्यांनी नळी हिसकून काढली, बादली उचलली आणि घाणीसकट सगळं पाणी टाकीत उलथलं. कमान कोसळली, तिच्यामागे घर.

"आत्याबाई, घर!" दिपाली ओरडली.

"जाऊ दे घर! पाणी आण!"

ती धावली. हौदातून एक बादली, दोन, तीन. गढूळ पाण्यात सात मासे धडपडत सरळ झाले. मुकादम कुशीवरच तरंगत राहिला. सिंधूबाईंनी बांगड्यांसकट कोपरापर्यंत हात घातला आणि त्याला ओंजळीत धरून पाण्यातल्या पाण्यात हळूहळू पुढेमागे करू लागल्या, नुकत्याच जन्मलेल्या करडाला चोळावं तशा.

"चल बाबा. हल की. चल."

बाजेवर फोन वाजला. परमेश्वरचं नाव दिसत होतं. दिपालीने ओला हात पुढे केला.

"उचलू नको," सिंधूबाई मागे न बघता म्हणाल्या. "आधी ह्याला हलू दे."

फोन वाजून बंद झाला आणि लगेच पुन्हा वाजू लागला. दिपालीने बांगड्या वर सारल्या आणि दुसऱ्या बाजूने पाण्यात हात घातला.